आईची अनास

चुन्याच्या वासानं तोंडाला आंबट पाणी सुटणारा अख्ख्या ठाण्यात मी एकटाच असेन. परवा गडी आला, पडवीच्या भिंतीला चुन्याचा पहिला हात मारला आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून गिळत बसलो. आई आत कल्हईवाल्याशी घासाघीस करत होती. चैत्राचं ऊन, ओला चुना, नवसागराचा धूर. सण आला म्हणून सांगायला आमच्याकडे पंचांग लागत नाही.

याच दिवसांत मशिदीच्या ओसरीवरून सकाळी पोरांचा गलबला ऐकू येतो. आम्ही बेने इस्राएल लोक आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो. पोरं झुलत झुलत हिब्रूतले चार सवाल घोकतात. ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का, हा त्यांतला पहिला. सणाच्या पहिल्या संध्याकाळी घरातल्या सर्वांत लहान मुलानं ते विचारायचे आणि मोठ्यांनी आपले पूर्वज मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याची सगळी हकिकत सांगायची. आमचा हा सणच असा आहे, की मुलानं विचारल्याखेरीज तो सुरू होत नाही.

यंदा पंचांनी मला निरोप धाडला. सणाआधी पोरांची परीक्षा घ्यायची, ती मी घ्यावी. आमच्या घराण्यात तेलाचा घाणा सोडून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मी लाजत नाही. बी. ए.च्या परीक्षेला मी संस्कृत सोडून हिब्रू घेतली होती. तेव्हा निरोप आला यात नवल नाही. नवल एवढंच, की त्या ओसरीवर मी वीस वर्षांत बसलेलो नाही.

*

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बाबा पलटणीत, दूर. घरात मी, आई आणि शेजारी घाणा चालवणारे काका. सरकारी शाळेतली पोरं आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणून चिडवत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. मला त्याचं काही वाटत नसे. तेली तर तेली. शनिवारी सुट्टी मिळत होती.

आता अनास म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण आमच्या नव्या पिढीला ते ठाऊक नाही. अनास म्हणजे आंबट पाण्याचा बरणीएवढा मातीचा घडा. कालवणाला, माशाला, भाताला त्यातलं पळीभर घालायचं. ती कधी रिकामी करत नाहीत. उपसलं तेवढं नवं घालायचं, म्हणजे तळाशी आजीचं, पणजीचं असं काहीतरी राहतंच. वर्षातून आठ दिवस तेवढी ती झाकायची. फडकं, त्यावर थाळी, थाळीच्या कडेनं लिंपलेली माती. नवव्या दिवशी लिंपण फोडायचं. या सणाला आमच्या म्हाताऱ्या माणसांत नावच होतं, अनाशी ढाकायचा सण. मिसर, फारो, समुद्र दुभंगला, हे सगळं नंतर पुस्तकांतून आलं. आमच्या बायकांनी शेकडो वर्षं जे जपलं ते एवढंच, की या आठ दिवसांत ती झाकायची. का झाकायची ते विसरल्या. झाकायला विसरल्या नाहीत.

आईची अनास कल्याणची. तिच्या माहेरून लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर ती आली. आगगाडी होती, पण गाडीच्या हादऱ्यानं अनास नासते म्हणून आजीनं ऐकलं नाही. वऱ्हाड गाडीनं आलं आणि नवरी खाडीतून, होडीतून, घडा मांडीत धरून. काका अजून सांगतात, “वहिनी उतरल्या तेव्हा आम्हाला वाटलं, मूल घेऊनच आल्या.” ठाण्यात नंतर ज्या ज्या घरी अनास झाली ती आईच्या घड्यातलं विरजण नेऊन. रिबकामावशीची तर आईनं स्वतःच्या हातानं लावून दिली होती. रिबकामावशी ही नात्यानं मावशी नव्हे, आमच्या परसाला लागून राहणारी आईची मैत्रीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

आईला मान मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी होता. सणाच्या बेखमीर भाकरी सगळ्या बायका मिळून मशिदीच्या आवारात भाजत. पिठाला पाणी लागल्यापासून ते फुगायच्या आत भाकरी तव्यावर गेली पाहिजे, नाहीतर ते खमीर, मग सण बाटला. घड्याळ कुणाकडे होतं? आईचं गाणं हेच घड्याळ. मोशेच्या आईनं बाळ पेटीत घालून नदीत सोडलं, तिथून ते सुरू होई. पेटी लव्हाळ्यातून जाई, भोवऱ्यात फिरे, आणि राजकन्येनं ती उचलली की भाकरी तव्यावर गेलीच पाहिजे. गाणं तिनंच रचलेलं. शेवटची दोन कडवी तिच्याखेरीज कुणाला धड येत नव्हती. बायका तिला म्हणत, “अकू, बाळाला लवकर काढ गं, हात भरून आले.” ती म्हणे, “हात चालव. पाण्यात बाळ माझं आहे, तुझं नाही.”

*

त्या वर्षी नवे गुरुजी आले. कोचीनकडचे. उंच, सावळे, दाढीत दोन पांढऱ्या रेघा. त्यांच्यासारखी हिब्रू आमच्यात कुणी वाचत नव्हतं, हे मी आजही मान्य करतो. मराठी मात्र त्यांची वाटेत शिकलेली. ते सगळ्यांनाच ‘तू’ म्हणत. एका सत्तर वर्षांच्या सुभेदारांना ते म्हणाले, “तू इकडे बस.” सुभेदार बसले. परक्याच्या भाषेला काय रागवायचं.

पुरीमच्या सणापासून महिनाभर रोज सकाळी शिकवणी. वेताच्या चटयांवर आम्ही बाराजण. आधी घोकंपट्टी, मग सवाल. ही त्यांची पद्धत आम्हाला अगदी नवी होती. सरकारी शाळेत मास्तर विचारत आणि आम्ही मार खात. इथे उलट. प्रत्येकानं रोज घरून एक सवाल आणायचा. “हा सवालाचा सण,” ते म्हणत. “ज्याला सवाल नाही, तो अजून गुलाम.” ज्याचा सवाल चांगला त्याला पाच मनुका. सणाच्या शरबतासाठी त्यांनी मनुकांची पुरचुंडी कमरेला बांधलेली असे, तीतून ते मोजून काढत.

पहिले आठ दिवस मनुका मी खाल्ल्या. समुद्र दुभंगला तर मासे कुठे गेले, हा सवाल माझा. मग माझी विहीर आटली. मुसा नावाचा एक पोरगा होता, त्याचा आजा त्याला सवाल पुरवी. तो मनुका माझ्या नाकासमोर धरून खायचा. “तुझे सवाल शिळे झाले रे,” तो म्हणाला, “बुरशी आली.” रात्री मी आढ्याकडे बघत सवाल शोधू लागलो. सकाळी आई चूल सारवत होती आणि माझी नजर कोपऱ्यातल्या घड्यावर गेली.

त्या दिवशी मी विचारलं, “गुरुजी, सणात घरातलं आंबलेलं सगळं बाहेर काढायचं म्हणता. मग आमची आई अनास नुसती झाकून का ठेवते?”

बाकीच्यांना गुरुजींनी घरी सोडलं आणि मला थांबवलं. अनास कशी दिसते, कुठे ठेवतात, किती दिवसांची आहे, कुणाकुणाकडे आहे, एकेक विचारलं. मी सांगितलं. फुलून सांगितलं. कल्याणची होडी सांगितली, रिबकामावशीचं विरजण सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसानं माझं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर मनुका ओतल्या, न मोजता. म्हणाले, “हा सवाल तुझा-माझा. दुसरं कुणी नाही.” मी मान हलवली. वाटेत मनुका संपल्या, पण ते ‘तुझा-माझा’ घरापर्यंत पुरलं.

शनिवारी प्रार्थना झाल्यावर ते उभे राहिले. एका शहाण्या मुलानं विचारलं म्हणून कळलं, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. तुमच्या घराघरांत वर्षानुवर्षांचं खमीर झाकून ठेवलेलं आहे. झाकलं म्हणजे गेलं असं होत नाही. ज्या घरात हा घडा आहे त्या घरचा हात या वर्षी सणाच्या पिठाला लागायचा नाही. बोलताना त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघून हसले. प्रेमानं. त्या हसण्यानं बाकीच्या अकराही पोरांच्या आणि त्यांच्या बापांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी आवारात बायका जमल्या. गव्हाच्या पिठाच्या परातींवर पांढरी फडकी होती. मी भिंतीवर चढून बसलो होतो. मुसाच्या आज्यानं पंचांच्या वतीनं एकेकीला विचारलं, “घरी अनास आहे?”

“नाही हो, कधीची गेली.”

“आमच्याकडे नव्हतीच.”

“माझी मेली फुटली गेल्या साली.”

रिबकामावशीची पाळी आली. तिच्या चुलीशेजारचा घडा मी दोन दिवसांपूर्वी पाहिला होता. ती म्हणाली, “आमच्यात नाही ठेवत.”

आई शेवटची. ती म्हणाली, “माझ्याकडे आहे. आज झाकीन.”

मग रिबकामावशीच पुढे आली, आईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “यंदा तू जरा विसावा घे, अकू. दरवर्षी तुलाच दगदग.” आई म्हणाली, “बरं.” तिनं हात धुतलेले होते, ते पदराला पुसले आणि निघाली. भिंतीवर मला पाहिलं. थांबली नाही.

त्या दिवशी गाणं रिबकामावशीनं म्हटलं. भोवऱ्यापर्यंत आलं. पुढचं कडवं आठवेना, पुन्हा मागं गेली, पुन्हा भोवरा. बायका थापत राहिल्या, थांबत राहिल्या. त्या वर्षी बाळ पाण्यातच राहिलं. आणि काटेकोर बघायचं तर त्या वर्षी खमिराची शंका घ्यायची ती त्या भाकऱ्यांवरच घ्यायला हवी होती. पण ते कोण विचारणार?

घरी आमच्या वाट्याच्या भाकरी आल्या. जाड, कडेला कच्च्या. आईनं एक मोडून पाहिली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. मला ती रागावली नाही. तिनं मारलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. तिनं माझ्याशी बोलणंच मोजकं केलं. जेव. झोप. पाय धू.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी काकांनी दारावर पंजा लावला. बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर उठवायचा आणि कागद चौकटीवर चिकटवायचा, म्हणजे संकट ते घर ओलांडून जातं, अशी आमची रीत. मी तो ओला लाल पंजा बघत उभा होतो. आमचं संकट दारानं आलंच नव्हतं. ते आत राहत होतं, आणि नऊ वर्षांचं होतं.

पांढऱ्या चादरीवर ताट मांडलं. कडू पाला, लिंबाचा रस, खजुराचा पाक, मनुकांचं शरबत. काका म्हणाले, “हं, विचार.” मी ताटाकडे बघत होतो. “अरे विचार ना, महिनाभर घोकलंस की.” तेव्हा आई म्हणाली, “विचार. तुझ्याशिवाय सण अडलाय.” मी चारही सवाल विचारले, एक अक्षर न चुकता. काकांनी शाबास म्हटलं. शरबताचा पेला पुढे सरकवताना आई हळूच म्हणाली, “आता यापुढचे सवाल घरात विचारत जा.”

मनुकांचं शरबत मला त्यानंतर गोड लागलेलं नाही.

*

नवव्या दिवशी लिंपण फोडायचं. सकाळी रिबकामावशीच्या परसातून तो वास आला, आंबट, तिखट, ओळखीचा. घडा भाताच्या कणगीत लपवला होता, तो बाहेर निघाला होता. आईनं वास घेतला आणि आमचा घडा उचलून कमरेवर घेतला. खाडीची वाट धरली. मी मागून गेलो. तिनं हाकललं नाही, बोलावलंही नाही.

मिठागराच्या बांधावर तिनं लिंपण फोडलं, थाळी काढली आणि घडा कलता केला. तेवढ्यात बांधावरून हिरू आगरीण आली, डोक्यावर मिठाची पाटी. आमच्या घरी मीठ तीच घाली.

“कनाला वततस गो बाय?” तिनं पाटी उतरवली, बोट बुडवून चाटलं. “चांगला हाय त. काय घातलंस यान?”

आई म्हणाली, “कैरीचं पाणी. आमसुलं. मिरची. आणि तुझं मीठ.”

“आन काय?”

“आणखी काही नाही.”

“मंग दे मना.”

“नको. तुझ्या घरी नेलंस तर तुलाही उद्या कुणी विचारायला येईल.”

हिरू हसली. आई हसली नाही. तिनं घडा पालथा केला. कल्याणच्या माझ्या न पाहिलेल्या आज्या-पणज्या ओहोटीच्या चिखलात एक तपकिरी ओघळ होऊन गेल्या. रिकामा घडा तिनं तिथेच बांधावर ठेवला.

*

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणत नाही. दाबून ठेवलं होतं. आमच्या लोकांना झाकून ठेवायची सवयच आहे.

मग मुंबईला कॉलेजात एका दुपारी मी सणाचे नियम मूळ हिब्रूत वाचत होतो. परीक्षेसाठी नव्हे, हौसेनं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की खमीर होतं ते धान्याचंच. गहू, जव आणि त्यांच्या जातीची मिळून पाच धान्यं. त्यांच्याखेरीज दुसरं काहीही कितीही आंबलं तरी ते खमीर नव्हे. मी ओळीवर बोट ठेवलं आणि मला हिरूचा आवाज ऐकू आला. काय घातलंस यान. कैरी, आमसूल, मिरची, मीठ. गव्हाचा एक दाणा नाही. जवाचा नाही. ती अनास झाकायचीही गरज नव्हती, ओतायची तर नव्हतीच. एवढे मोठे विद्वान गुरुजी. घडा कुठे ठेवतात ते विचारलं, कधीचा ते विचारलं, कुणाकुणाकडे आहे ते विचारलं. आत काय आहे ते विचारलं नाही.

सुट्टीत घरी आलो तो पुस्तक घेऊनच. आई तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या भाषांतर करून वाचून दाखवलं. पदवी मिळायच्या आधीचा माझा तो पहिला दिग्विजय होता.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“त्यात पीठ नाही, हे. घालत मीच होते ना.”

“मग सांगितलं का नाहीस? त्या दिवशी, सगळ्यांसमोर?”

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. “आहे का विचारलं. आहे म्हटलं. काय आहे ते हिरूनं विचारलं, तिला सांगितलं.” पुन्हा सूप हलवलं. “तूही नाही विचारलंस. रोज एक सवाल नेत होतास.”

गुरुजींना मी माफ केलेलं नाही. ते दुष्ट नव्हते, त्यांना धर्म हवा होता, मला मनुका. त्यांनी ‘तुझा-माझा’ म्हटलं नसतं तर मी त्यांना चूक म्हणून सोडून दिलं असतं. चूक विद्वानाचीही होते. लेकराला विश्वासात घेऊन त्याच्याच घराचा कोपरा दाखवायला लावायचा, याला मी चूक म्हणत नाही. रिबकामावशीशी आई बोलते. सणाला ताट जातं, येतं. पण तिच्या घरचं आंबट आई पानात घेत नाही, आणि भाकरीचं ते गाणं तिनं पुन्हा म्हटलं नाही. आता आवारात घड्याळ लावलंय.

*

काल परीक्षा झाली. ओसरी तीच, चटया नव्या. गुरुजींना आता फारसं दिसत नाही. ते भिंतीला टेकून बसले होते, माझा आवाज ऐकून मान हलवत होते. मी घरून ठरवूनच गेलो होतो, की पुस्तकाबाहेरचं एक अक्षर विचारायचं नाही. कुणाच्या घरात काय आहे त्याच्याशी मला कर्तव्य नाही. चार सवाल म्हणून घेतले. मिसरावरची दहा संकटं म्हणून घेतली. पोरं तयार होती.

शेवटी एक मुलगी राहिली, सात-आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. तिनं सगळं बरोबर सांगितलं आणि खाली बसेना. म्हणाली, “सर, आमच्या घरी ना, आई एक...”

“पुस्तकातलं सांग,” मी म्हणालो.

ती बसली. गुरुजींनी भिंतीपाशी मान हलवली. शाबासकीची असावी.

निघताना त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि त्यात काहीतरी ठेवलं. मुठीवरूनच कळलं, मनुका. त्यांनी त्या मोजल्या होत्या, पाच.

घरी आलो तेव्हा पडवीचा चुना वाळत होता. आई उंबऱ्यावर बसली होती. “झाली परीक्षा?”

“झाली. हुशार आहेत पोरं. विचारलं ते सगळं आलं.”

“आणि त्यांनी तुला काय विचारलं?”

मी एका हातानं चपला काढल्या. मूठ अजून मिटलेली होती. मग चपला पुन्हा पायांत घातल्या, आणि त्या दोन वेण्यांच्या मुलीचं घर कुठलं ते आईला विचारलं.